कॅरेक्टर वश झालं की प्लेअर खेळातून उठतो: दुखणं कुठे आहे आणि उपाय काय

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखे टेबलाभोवती बसून फासे टाकत एकेक पात्र वठवायचे कथेचे खेळ, चालवणाऱ्या पुण्यातल्या डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मंडळींशी बोलताना एक तक्रार हमखास निघते. कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी सलग कथा, महिनोन्महिने छान चाललेली असते. मग कथेत मन ताब्यात घेणारं कुणीतरी येतं: एखादा व्हॅम्पायर, एखादी सक्यूबस (भुरळ घालणारी सैतानीण), नाहीतर डॉमिनेट पर्सन हा वश करायचा मंत्र येणारा मांत्रिक. फायटरचा, म्हणजे पार्टीतल्या योद्ध्याचा, विज्डम सेव्ह (मंत्र झटकून टाकायचा फासा) चुकतो आणि डीएम सांगतो, "आता तू त्याच्या बाजूचा. तुझ्या टर्नला क्लेरिकवर वार कर." क्लेरिक हा त्याच्याच गटातला, जखमा बऱ्या करणारा पुजारी. टेबल तिथून बिघडायला लागतं. कुणी फासे खाली ठेवून फोन उघडतो. कुणी "माझं कॅरेक्टर असं करणारच नाही" म्हणून वाद घालतो. कुणी उलट इतका रंगात येतो की क्लेरिकला अक्षरशः तुडवतो, आणि दर वेळी एका रिक्षाने घरी जाणारे दोघं त्या रात्री वेगवेगळे निघतात. पुढच्या रविवारी एकाला अचानक काम निघतं.

यावर बहुतेक वेळा मिळणारा सल्ला म्हणजे "असे मंत्र प्लेअरवर वापरूच नका". मला तो पटत नाही. मन ताब्यात जाणं हा अद्भुतकथेतला फार जुना आणि फार जोरकस धागा आहे, तो तोडून टाकला तर खलनायकांचं एक मोठं अस्त्रच जातं. शिवाय प्लेअर स्वतः चार्म पर्सन हा मोहिनीमंत्र शत्रूंवर बिनदिक्कत वापरतात, मग जगाचा नियम एकाच बाजूला कसा लागू होईल? दुरुस्ती शक्य आहे. तिच्यासाठी आधी बिघाड नीट ओळखावा लागतो.

दुखणं नेमकं कुठे

कॅरेक्टर शून्य हिट पॉइंटवर (जीवशक्तीवर) पडलं तरी प्लेअरकडे डेथ सेव्ह, म्हणजे जगण्या-मरण्याचा फासा, असतो. पॅरलाइझ झालं तर तो हलू शकत नाही, पण आत जे आहे ते त्याचंच असतं. मनोनियंत्रणात मात्र कॅरेक्टर चालतं, बोलतं, वार करतं आणि त्यातलं काहीच प्लेअरचं नसतं. डीएमच्या हातात अख्खं जग आहे: राजे, गावकरी, हवामान, देव. प्लेअरच्या हातात एकच माणूस आहे, आणि आपण तोच काढून घेतो.

हा प्रश्न पूर्वी इतका टोचत नसावा, असं मला वाटतं. चार्म पर्सन १९७४ च्या मूळ डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून आहे, आणि १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत तर कमी बुद्धीचा माणूस त्याच्या अमलाखाली कित्येक आठवडे राहू शकत असे. पण त्या खेळात एका प्लेअरबरोबर भाडोत्री शिपाई, मशालजी, चेले असा लवाजमा असायचा. मुख्य कॅरेक्टर हातचं गेलं तरी खेळायला कुणीतरी उरायचं. आज आपण एकेक कॅरेक्टर वर्षभर जपतो, त्याची पार्श्वकथा लिहितो, त्याचं चित्र काढून घेतो. नियम जुन्या काळातून आले आणि खेळण्याची पद्धत बदलली.

त्यात पुण्यातलं वास्तव धरा. हिंजवडीतून सुटून, वाकडच्या ट्रॅफिकमधून, पावसात भिजत माणूस सदाशिव पेठेत पोचतो ते तीन तास खेळायला. पाच प्लेअर असलेल्या टेबलावर लढाईचा एक राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) पंधरा मिनिटं सहज खातो. डॉमिनेट पर्सन तीन राउंड टिकला तर पाऊण तास गेला. तो पाऊण तास त्या माणसाला टेबलावर काही ठरवायला मिळायला हवं. पुढच्या सगळ्या उपायांची कसोटी हीच आहे: टर्न त्याच्याकडे आली की त्याच्यापुढे खरा निर्णय आहे का?

पहिली तपासणी: मंत्र जितकं म्हणतो तितकंच करताय ना?

निम्म्याहून जास्त भांडणं इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. डीएम "चार्म्ड" हा शब्द वाचतो आणि मनात "गुलाम" धरून चालतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फिफ्थ एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकात (इथले पुढचे फिफ्थ एडिशनचे नियमही त्याच २०१४ च्या रूपातले आहेत) चार्म्ड या अवस्थेचे परिणाम दोनच आहेत. ज्याने मोहिनी घातली त्याच्यावर हल्ला करता येत नाही किंवा त्याला अपाय करणारी शक्ती वापरता येत नाही, आणि त्याला तुमच्याशी बोलण्या-वागण्याच्या चेकवर (फाशाच्या चाचणीवर) अ‍ॅडव्हांटेज मिळतो. अ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं. बस्स. मित्रांवर वार करण्याचा त्यात उल्लेखही नाही. चार्म पर्सनमध्ये भर एवढीच की तो मांत्रिक तासभर तुम्हाला ओळखीचा, मित्रत्वाचा माणूस वाटतो. ओळखीच्या माणसाने सांगितलं म्हणून कुणी आपल्या क्लेरिकचा गळा चिरत नाही.

व्हॅम्पायरची मोहिनी याहून जड आहे. त्यात तो विश्वासाचा, ज्याचं ऐकावं आणि ज्याला जपावं असा मित्र वाटू लागतो. पण त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे की बळी त्याच्या ताब्यात नसतो, त्याच्या विनंत्यांचा जमेल तितका चांगला अर्थ लावतो एवढंच. "तुझ्या मित्रांना मार" या वाक्याचा चांगला अर्थ कसा लावायचा, हे प्लेअरने ठरवायचं असतं. "त्यांना दाराशी थोपव, मला बोलू दे" असं व्हॅम्पायरने म्हटलं तर मात्र प्लेअरला खेळायला केवढी तरी जागा मिळते.

सजेशनमध्ये सुचवलेली गोष्ट एक-दोन वाक्यांत बसावी लागते आणि ऐकायला वाजवी वाटावी लागते. उघड आत्मघाताची आज्ञा दिली तर मंत्रच संपतो. मांत्रिकाने किंवा त्याच्या साथीदारांनी त्या माणसाला जखम केली तरीही संपतो, आणि हे लढाईच्या गडबडीत सगळे विसरतात. कमांड एका शब्दाचा आणि एका राउंडचा आहे, त्यावरून कुणी रुसत नाही, पुढे जाऊ.

डॉमिनेट पर्सन हा खरा जबर मंत्र, आणि त्यातही दोन पायऱ्या आहेत ज्या टेबलावर एक होऊन जातात. नेहमीची पायरी म्हणजे साधी, ढोबळ आज्ञा: "त्याच्यावर हल्ला कर", "ती पेटी घेऊन ये". ती कशी पार पाडायची हे वश झालेला माणूस आपल्या परीने ठरवतो, म्हणजेच प्लेअर ठरवतो. कोणतं शस्त्र, कोणती वाट, स्मोक बॉम्ब वापरायचा की नाही, हे डीएमने सांगायचं नाही. पूर्ण आणि नेमका ताबा हवा असेल तर मांत्रिकाला स्वतःची अ‍ॅक्शन खर्च करावी लागते, म्हणजे त्या राउंडला त्याचा आगीचा गोळा सुटत नाही. ही किंमत डीएमने प्रामाणिकपणे भरली तर डॉमिनेटचा निम्मा जाच आपोआप कमी होतो.

आणि सुटकेची वाट सगळ्यांना माहीत हवी. डॉमिनेटमध्ये प्रत्येक वेळी डॅमेज झालं की नवा सेव्ह मिळतो, मग ते मित्राने मारलेल्या थपडेचं का असेना. शिवाय मंत्राला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मार खाल्ला की तुटू शकणारी एकाग्रता, लागते, त्यामुळे मांत्रिकाला झोडपणं हाही उपाय. व्हॅम्पायरच्या बाबतीत मित्राची थप्पड चालत नाही, तिथे व्हॅम्पायरने किंवा त्याच्या साथीदारांनी इजा केली तरच नवा सेव्ह. पण काम इमोशन्स (Calm Emotions) हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र मोहिनी तात्पुरती दाबून टाकतो. प्लेअरचं कॅरेक्टर वश झालं त्या क्षणी ही माहिती डीएमने टेबलावर उघड सांगावी असं माझं आग्रहाचं मत आहे. बाकीच्यांना लगेच एक काम मिळतं, आणि वश झालेल्याला कळतं की आपल्याला सोडवायला कुणीतरी धडपडतंय.

हातात चिठ्ठी द्या, त्यावर हेतू लिहा

नियम बरोबर पाळूनही प्लेअर कंटाळू शकतो. तिथे चालवण्याची रीत बदलावी लागते. सेव्ह चुकला की काय करायचं ते सांगू नका. त्याला एक चिठ्ठी द्या, तिच्यावर त्या माणसाला आता काय हवं आहे ते लिहा.

समजा कथा मावळातल्या एका वाड्यात चालली आहे, वाड्याचा मालक व्हॅम्पायर आहे आणि राणोजी नावाचा फायटर वश झाला आहे. चिठ्ठी अशी: "या वाड्याचा मालक तुझा जिवाभावाचा माणूस आहे. आज रात्री त्याला कुणी दुखवू नये असं तुला मनापासून वाटतं. त्याच्यावर तू हत्यार उचलणार नाहीस. बाकी सगळं तुझं." आता राणोजीचा प्लेअर काय करेल ते मलाही सांगता येणार नाही, आणि हीच त्यातली गंमत आहे. तो दारात आडवा उभा राहील. पॅलाडिनला (शपथबद्ध योद्ध्याला) मिठी मारून धरून ठेवेल. "आधी त्याचं म्हणणं तरी ऐका" म्हणून सगळ्यांना विनवेल. लाकडी खुंट्यांची पिशवी हळूच खिडकीबाहेर टाकेल. क्लेरिकवर वार करण्याच्या एका आज्ञेपेक्षा यातलं काहीही पार्टीला (प्लेअरांच्या गटाला) जास्त अडचणीत टाकतं, आणि प्लेअर पूर्ण वेळ खेळात असतो.

इथे महाभारतातला शल्य आठवावा. नकुल-सहदेवांचा हा सख्खा मामा सैन्य घेऊन पांडवांकडे निघाला होता. वाटेत दुर्योधनाने त्याची अशी बडदास्त ठेवली की प्रसन्न होऊन तो वचन देऊन बसला आणि त्याला कौरवांच्या बाजूने लढावं लागलं. पण कर्णाचा सारथी झाल्यावर त्याचा तेजोभंग करीन, हेही त्याने युधिष्ठिराला कबूल केलं, आणि तसं केलं. रथ हाकला, वचन मोडलं नाही, आणि बोलून बोलून कर्णाला खच्चीही केलं. शब्द पाळायचा आणि त्यात आपली जागा शोधायची, अशी मोकळीक वश झालेल्या प्लेअरला द्या. मर्यादा एकच. आज्ञा "जमेल तितक्या नेटाने" पाळायची असेल तर तलवार म्यान करून कोपराने ढुशी मारणं हे नेटाने पाळणं नाही. प्लेअर असं करायला लागला तर रागावू नका, त्याला विचारा की या आज्ञेत तुला करवेल असं काय आहे. बहुतेक वेळा आज्ञाच फार ओबडधोबड दिलेली असते.

याच्याही अलीकडे एक सौम्य पायरी आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. सह्याद्रीत आणि कोकणात चकव्याची गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली असते. चकवा लागलेला माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला होता त्याच झाडाखाली येतो. त्याच्या पायांवर कुणाचा ताबा नसतो, त्याला दिसणारी वाट तेवढी खोटी असते. टेबलावर हे जसंच्या तसं चालतं. फायटरला "क्लेरिकवर वार कर" म्हणू नका. त्याला एकट्याला सांगा की क्लेरिकच्या जागी तुला दात विचकणारं पिशाच दिसतंय आणि ते तुझ्या मित्राच्या आवाजात बोलतंय. वार करायचा, थबकायचं, की "आपण पहिल्यांदा कुठे भेटलो ते सांग" असं विचारायचं, हा निर्णय त्याचा. माहिती तुम्ही बदलली, निवड त्याच्याकडेच राहिली. एक पथ्य मात्र पाळा: नीट पाहणाऱ्याला खोटेपणाचा एखादा धागा सापडायला हवा. सावली पडत नाही, आवाज एका क्षणाने मागे आहे, असं काहीतरी. धागाच ठेवला नाही तर प्लेअरला नंतर फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्तच आहे.

"नाही" म्हणायची किंमत ठरवा

इतर खेळांनी हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे आणि त्यांच्याकडून उचलायला काहीच हरकत नाही. फेट कोअर (२०१३) मध्ये डीएम कॅरेक्टरच्या स्वभावावर बोट ठेवून "तू आता असं वागशील" म्हणतो आणि एक फेट पॉइंट पुढे करतो. मान्य केलं तर पॉइंट मिळतो, नाकारायचं असेल तर स्वतःकडचा एक द्यावा लागतो. व्हिन्सेंट बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) मध्ये एका प्लेअरच्या कॅरेक्टरने दुसऱ्याला पटवलं, तर ऐकणाऱ्याला अनुभवाचे गुण मिळू शकतात आणि न ऐकणं धोक्याचं होऊ शकतं. दोन्हीकडे शेवटचा शब्द ज्याचं कॅरेक्टर आहे त्याचाच.

फिफ्थ एडिशनमध्येही असा एक मंत्र आधीपासून आहे: गीअस. पाचव्या लेव्हलचा, तीस दिवस टिकणारा. आज्ञेविरुद्ध वागलात तर ५डी१० (दहा बाजूंच्या पाच फाशांची बेरीज) सायकिक डॅमेज, दिवसातून जास्तीत जास्त एकदा. कुणी तुमचा हात धरत नाही. मोडता येतं, फक्त दुखतं.

हेच डॉमिनेटला लावायचा माझा घरगुती नियम असा. सेव्ह चुकलेल्या प्लेअरने आपल्या टर्नला दोनपैकी एक निवडायचं. आज्ञा मनापासून पाळली तर सेशनअखेर इन्स्पिरेशन, म्हणजे पुढे हवं तेव्हा वापरायचा एक अ‍ॅडव्हांटेज. नाकारली तर ५डी१० सायकिक डॅमेज आणि त्या टर्नची अ‍ॅक्शन वाया. नवव्या लेव्हलचा, कॉन्स्टिट्यूशन (तब्येत) १४ असलेला फायटर सरासरीने ७६ हिट पॉइंटचा असतो, आणि ५डी१० ची सरासरी साडेसत्तावीस. म्हणजे पूर्ण ताकदीत असेल तर तो दोनदा नाकारू शकेल, तिसऱ्यांदा बहुधा कोसळेल. हे प्रमाण मला नेमकं वाटतं. नाकारणं स्वस्त नाही, अशक्यही नाही, आणि मित्रावर तलवार उगारलेला माणूस दातओठ खात स्वतःला रोखून धरतो, हे दृश्य सगळ्या टेबलाला दिसतं. डॉमिनेटमध्ये कोणत्याही डॅमेजला नवा सेव्ह असतो, तो इथेही द्यावा. मंत्र थोडा दुबळा होतो हे खरं. खलनायकाला एखादा जास्तीचा साथीदार देऊन ते भरून काढता येतं.

कॉल ऑफ क्थुलू हा भयकथेचा खेळ खेळणारे म्हणतील की आमच्याकडे तर कीपर (त्यांचा डीएम) सरळ कॅरेक्टर ताब्यात घेतो. सातव्या आवृत्तीत एका फटक्यात ५ किंवा जास्त सॅनिटी (शुद्धीचे गुण) गेली आणि इंटेलिजन्सचा रोल जमला की तात्पुरतं वेड लागतं, आणि त्या झटक्यापुरता कारभार कीपरकडे जातो. पण तिथे प्लेअर पहिल्या दिवसापासून हेच बघायला बसलेला असतो: आपला माणूस किती वेळ शुद्धीवर टिकतो. तो करार डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर आपोआप लागू होत नाही.

दर वेळी फायटरच का सापडतो

व्हॅम्पायरच्या मोहिनीचा डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, १७ आहे. विज्डम १० असलेल्या फायटरला त्या सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी (जास्तीचा बोनस) नसते, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १७ ते २० यायला हवेत. शंभरातले ऐंशी वेळा तो चुकणार. नवव्या लेव्हलच्या, विज्डम १८ असलेल्या क्लेरिकचा बोनस ८, तो साठ वेळा वाचणार. डीएम हुशार खलनायक चालवत असेल तर नेम फायटरवरच धरतो, आणि मग वर्षभर एकच माणूस पुन्हा पुन्हा वश होत राहतो. खलनायकाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण एकाच प्लेअरला दर वेळी बाजूला बसवणं अन्यायाचं आहे, त्यामुळे हे डीएमने जाणीवपूर्वक टाळलं पाहिजे.

नेम बदलून पाहा. क्लेरिकला वश करायचा प्रयत्न करणारा गर्विष्ठ खलनायक कथेलाही रंगत आणतो. दुसरं, खलनायक येण्याआधी त्याची चाहूल द्या: गावातली माणसं एकाच सुरात बोलतायत, पाटील स्वतःच्या मुलाला ओळखत नाही. मग पार्टी तयारी करते. प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हा पहिल्या लेव्हलचा मंत्र व्हॅम्पायर, सक्यूबस, अबोलेथ अशांची मोहिनी लागूच देत नाही. माणसातल्या मांत्रिकासमोर मात्र तो निरुपयोगी आहे, हे प्लेअरना आधी सांगून ठेवा. ओथ ऑफ डिव्होशनचा पॅलाडिन सातव्या लेव्हलपासून दहा फुटांतल्या सगळ्यांना मोहिनीपासून वाचवतो, बर्सरकर बार्बेरियन सहाव्या लेव्हलपासून रेजमध्ये (लढाईच्या संतापात) असताना वश होत नाही, एल्फला अ‍ॅडव्हांटेज असतो. ज्या प्लेअरने असं काही निवडलं असेल त्याला ते कधीतरी कामी येऊ द्या. तयारी करून आलेल्या पार्टीला वश करता आलं नाही, तर खलनायकाचा डाव फसला. त्याला वळसा घालायला नवा नियम काढू नका.

वश झालेला जास्तच रंगात आला तर

याचं कारण बहुतेक वेळा मंत्राबाहेरचं असतं. दोन प्लेअरांची आधीची कुरबुर, लुटीच्या वाटणीचा राग, कुणाला मिळालेली जादूची तलवार. वश होणं ही मग सोयीची सबब ठरते. इथे नियम वाचून उपयोग नाही, माणसांशी बोलावं लागतं, आणि तेही वेगवेगळं, सेशनच्या बाहेर. खेळापुरता एक उपाय करता येतो: आज्ञेत मारण्याऐवजी अडवणं, पळवणं, लपवणं ठेवा. "पेटी घेऊन खिंडीकडे पळ" या आज्ञेत कुणाचा जीव जात नाही आणि पाठलाग मात्र मस्त रंगतो.

मोह, प्रेम आणि भीड

या भागात चूक झाली तर माणसं दुखावतात, म्हणून इथे जरा थांबतो.

चार्म्ड अवस्थेत प्रेमाचा किंवा शरीराच्या ओढीचा एक शब्द नाही. टेबलावर मात्र "मोहिनी" म्हटलं की डीएमचं वर्णन तिकडे घसरतं, आणि समोरच्या प्लेअरच्या कॅरेक्टरने न मागितलेली जवळीक तिच्या किंवा त्याच्या नावावर टाकली जाते. मनाविरुद्ध संमती, हीच या प्रसंगाची मांडणी असते. आपल्यासोबत बसलेल्या माणसाने खऱ्या आयुष्यात काय सोसलं आहे हे आपल्याला दिसत नसतं.

उपाय ओळखीचे आहेत. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली लाइन्स आणि व्हेल्सची पद्धत, म्हणजे काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल ते आधी ठरवणं. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड, ज्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. दोन्ही उत्तम आहेत. पण आपल्या टेबलांवर एक अडसर असतो, तो म्हणजे भीड. हॉलमध्ये खेळ चाललेला, आतून कुणाची तरी आई पोह्यांच्या बशा घेऊन येते आहे, टेबलावर ऑफिसातला सीनियर आहे, धाकटा मामेभाऊ आहे. अशा बैठकीत "मला हे नको" म्हणून सगळ्यांसमोर कार्डाला हात लावणं कित्येकांना जमत नाही. ते हसतात, गप्प बसतात आणि मग यायचं बंद करतात.

म्हणून सेशन झिरोच्या, म्हणजे कॅम्पेनआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीच्या, आधी प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वैयक्तिक विचारावं. तुझं कॅरेक्टर वश झालेलं चालेल का? मित्रांवर हल्ला करायला लागला तर? प्रेमाचा मोह चालेल की नको? अंगात येणं, झपाटलं जाणं अशा गोष्टी घरच्या अनुभवामुळे नकोशा आहेत का? उत्तर एका शब्दात आलं तरी पुरे, आणि ते कुणाला सांगायचं नाही. "नको" आलं की तो विषय त्या कॅम्पेनपुरता संपला, पटवून द्यायचा प्रयत्न करायचा नाही. भीती, लोभ, निष्ठा, हरवलेल्या भावाची हाक, एवढं सगळं मोहिनीसाठी शिल्लक आहे.

सेशन झिरोमध्ये हेही ठरवा की वश झाल्याचं प्लेअरपासून कधीच लपवलं जाणार नाही. बाकीच्यांपासून लपवायचं का, हे तो प्लेअर ठरवेल. काहींना गुप्तहेर व्हायला फार आवडतं आणि ते काम ते डीएमपेक्षा सरस करतात.

मंत्र उतरल्यावर

चार्म पर्सन संपला की बळीला कळतं की आपल्यावर मोहिनी होती. त्या कळण्याला टेबलावर थोडी जागा द्या, एखादा संवाद होऊ द्या. पण वश असताना केलेल्या कृत्याची शिक्षा कॅरेक्टरला देऊ नका. पॅलाडिनची शपथ मोडली, देव रुसला, अलाइनमेंट (कॅरेक्टरचा बऱ्या-वाईटाकडचा कल) बदललं, असलं काहीही नाही. गावकऱ्यांचा संशय, एखाद्या मित्राचा दुरावा चालेल, कारण त्यातून नवे प्रसंग निघतात आणि ते प्लेअरच्या हातात असतात.

एक जोडप्रश्न नेहमी येतो: एनपीसीने (डीएम चालवत असलेल्या पात्राने) पर्स्वेजनवर, म्हणजे मन वळवायच्या चेकवर, २५ मारले तर प्लेअरला मानावंच लागेल का? माझं उत्तर नाही. "हा माणूस खरं बोलतोय असं तुला वाटतंय" इतकं डीएमने सांगावं. पटूनही नकार देणारी माणसं जगात असतात.

सेशन चालू असतानाच बिघडलं तर

फोन बाहेर आलेला दिसला, किंवा आवाज चढला, तर राउंड संपायची वाट पाहू नका. चहाची सुट्टी जाहीर करा. बाकीचे खाली अमृततुल्यवर जातील तेव्हा त्या प्लेअरला थांबवा आणि मंत्राचं पान त्याच्यासमोर उघडा. नेमकं काय बांधलं गेलं आहे आणि काय मोकळं आहे ते दोघांनी मिळून वाचा. मग विचारा, "याला आता सगळ्यांत जास्त काय हवंय असं तुला वाटतं?" तो जे सांगेल ते मंत्राच्या शब्दांत बसत असेल तर तसंच्या तसं घ्या, तुम्ही ठरवलेलं सोडून द्या. त्याला काहीच सुचत नसेल, किंवा मुळात हे खेळायचंच नसेल, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या टर्नला त्याला नवा सेव्ह द्या, अ‍ॅडव्हांटेजसकट. तोही चुकला तर मांत्रिकाचा एखादा शिपाई किंवा टेहळ्या त्या लढाईपुरता त्याच्या हातात द्या, म्हणजे तो फासे टाकत राहील. राणोजीला तेवढ्या वेळापुरतं दाराशी उभं करून ठेवा. त्याच्या हातून कुणालाही काहीही करवून घेऊ नका.